रोजच सोमवार

आमच्या घरात सोमवारी आणि गुरुवारी मासे नसतात. म्हणजे उरलेले पाच दिवस असतात, हे वेगळं सांगायला नको. आम्ही मूळचे मालवणकडचे, बाबांच्या नोकरीमुळे ठाण्यात येऊन रुजलेले. घरात आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. 'आज काय आहे?' या प्रश्नाला भाजीचं नाव हे उत्तर पाचांपैकी कुणालाच चालत नाही. चालत नव्हतं, असं म्हणायला हवं. कारण गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी मी समोर आलेलं बांगड्याचं तिखलं आईकडे परत सरकवलं आणि नुसता भात-सोलकढी जेवलो.

"काय झाला रे तुका? पोट बिघडला काय?" आईचा पहिला प्रश्न.

पोट ठणठणीत आहे, मी मासे-मटण सोडतोय, असं सांगितलं. श्रावण नाही, काही नाही, मधेच हे काय, असं म्हणत तिनं ते ऐकून घेतलं. अंडी नकोत, तेही ऐकून घेतलं. पण दूध, दही, ताक, तूप, पनीर यातलं काहीच नको म्हटल्यावर ती चक्क हसायला लागली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. तेवढ्यात आतल्या खोलीतून आजी (वय वर्षं ८६, कान तिखट) ओरडली, "माळ घातलंस काय रे?"

त्या दिवशी घरात विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात शहाणा प्रश्न होता, हे मला बरंच नंतर कळलं.

तुळशीची माळ घातली, वारी धरली, की माणूस मांस-मासे सोडतो. आजोबांचे थोरले भाऊ माळकरी होते, त्यांच्यासाठी घरात वेगळं पातेलं असायचं असं आजी सांगते. म्हणजे न खाणारा माणूस ही भानगड आमच्या घराला नवी नाही. सोमवार आहे, श्रावण आहे, संकष्टी आहे, माळ आहे. मालवणीत त्यासाठी झकास शब्दही आहे, शिवराक. 'आज शिवराक' म्हटलं की आमटी-भाताची तयारी, मांजराला उपास. पण या सगळ्या खणांत एक गोष्ट सारखी आहे. प्रश्न असतो तो खाणारा किती शुद्ध आहे याचा. माशाचं काय होतं, हा विषय त्यात कुठेच येत नाही. आणि शुद्धतेच्या या हिशेबात दूध-तूप सगळ्यात वरच्या पायरीवर. उपासाला चालतं, देवाला चालतं, पंचामृताचं पानच त्याशिवाय हलत नाही. त्यामुळे 'मी म्हशीसाठी दूध सोडतोय' हे वाक्य ठेवायला आमच्या घरात खणच नव्हता. देवासाठी सोडतोय म्हटलं असतं तर आईनं त्याच दिवशी नारळ फोडला असता!

म्हशीसाठी म्हणजे नक्की काय, ते सांगतो. हापिसातला एक मित्र विकांताला तबेल्यातून थेट दूध आणतो. भेसळ नको म्हणून. एकदा मीही सोबत गेलो. साखळीला बांधलेल्या चाळीस-पन्नास म्हशी, पायाखाली ओलं शेण, वास, माश्या. ते सगळं अपेक्षित होतं. मी फक्त सहज विचारलं, सगळ्या म्हशी व्यालेल्या आहेत तर रेडकं कुठे आहेत? भय्या माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कारखान्यात जाऊन भुसा कुठे जातो असं विचारलंय. मग एका म्हशीपुढे उभं केलेलं 'रेडकू' त्यानं दाखवलं. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून शिवलेलं. ते समोर असलं की म्हैस पान्हा सोडते. म्हैस ते चाटत होती.

एवढंच. मला साक्षात्कार वगैरे झाला नाही. घरी येऊन मी चहा प्यायलो, दूध घालूनच. पण ते चाटणं डोक्यातून गेलं नाही आणि मी वाचायला लागलो (आमच्या जमातीचा हा रोगच आहे, काही झालं की डॉक्युमेंटेशन वाचायचं). वाचून लक्षात आलं ते अगदी साधं गणित होतं. जनावर व्यायल्याशिवाय दूध देत नाही. होणाऱ्या वासरांत निम्मे नर. शेतीत ट्रॅक्टर आल्यावर रेड्याला आणि बैलाला काम उरलं नाही. आपल्या देशातलं जवळपास निम्मं दूध म्हशीचं आणि म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या जगातल्या आघाडीच्या देशांत भारत. या दोन गोष्टी योगायोगानं शेजारी बसलेल्या नाहीत. महाराष्ट्रात २०१५ साली गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्यात येत नाही. म्हणजे मटण न खाणारा, पण रोज अर्धा लिटर दूध आणि आठवड्याला पाव किलो पनीर खाणारा माणूस या साखळीच्या बाहेर नाही. तो फक्त साखळीच्या स्वच्छ टोकाला उभा आहे.

आणि नेमका हाच माणूस आपल्याकडे 'प्युअर व्हेज' म्हणवतो. पाकिटावरचा हिरवा ठिपकासुद्धा त्याच्याच बाजूनं. तूप, चीज, दुधाची पावडर, सगळं हिरव्यात. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींना 'व्हीगन' हा वेगळा शब्द पाडावा लागला तो याच कारणानं. शाकाहारी म्हणवणारे दूध-अंडी खात होते. आपल्याकडे व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह यायला २०२२ उजाडलं.

असो. सिद्धांत खूप झाला, स्वयंपाकघरात येऊ.

मासे सोडणं मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही जड गेलं नाही. (तळलेल्या सुरमईचा वास येतो तेव्हा जड जातं. खोटं का बोला.) छळ मांडला तो दुधानं. सॉफ्टवेअरमध्ये लपलेल्या डिपेन्डन्सी असतात ना, आपण एक लायब्ररी काढायला जातो आणि सत्तावीस ठिकाणी काहीतरी कोसळतं, तसं. चपातीला तूप. बिस्किटात दुधाची पावडर. हापिसातल्या यंत्रात चहाचं बटण दाबलं की दूध घालूनच येतो. उडप्याच्या डोशावर लोणी. लग्नात तर पनीर नसलेला पदार्थ म्हणजे काकडी! सोयाचं दूध आलं घातलेल्या चहात ओतलं तर तो फाटला, आणि आईनं तो कप खिडकीत ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवला.

मग आजीनं मला वाचवलं. तिचं म्हणणं, हे काय नवं? तिच्या लहानपणी घरात दूध म्हणजे नारळाचं दूध. गुरं होती ती शेतासाठी. चहा गुळाचा आणि कोरा. दुधाचा चहा पाहुण्याला. रोजचं खाणं म्हणजे पेज, कुळथाची पिठी, घावणे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, तिरफळं घातलेली डाळ आणि मिळाले तर मासे. सणाला नारळाच्या दुधातले शिरवाळे. यातून मासे काढले की उरतं ते माझं आजचं ताट, जसंच्या तसं. पिशवीतलं दूध रोज दोन वेळा ही आपली सनातन परंपरा असल्यासारखं आपण बोलतो, पण १९७० साली दुग्धक्रांतीची योजना सुरू झाली तेव्हा देशात दरडोई दिवसाला साधारण ११० ग्रॅम दूध होतं, २०२२-२३ मध्ये ते ४५९ ग्रॅम झालं. कुरियन यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे, लाखो शेतकरी घरांत त्यातून पैसा आला. पण परंपरा म्हणाल तर माझ्या आजीची परंपरा नारळाची आहे. हे मी घरात जोरात बोललो. बाबा शांतपणे म्हणाले, "ती परंपरा नव्हती, परिस्थिती होती." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

(एक रूक्ष पण महत्त्वाची सूचना. बी-१२ वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही, त्याची गोळी घ्यावी लागते. 'आमचे पूर्वज कुठे घ्यायचे' वगैरे ऐकू नका. पूर्वज मासे खायचे.)

आता मूळ मुद्दा. मांसाहारी घरात राहून हे करायचं तर नियम काय? दोन टोकं दिसतात. एका टोकाला माझे काही व्हीगन मित्र. फ्रिजमधला वेगळा कप्पा, वेगळा तवा, वेगळा चमचा. दुसऱ्या टोकाला 'घरात एक आणि बाहेर एक' वाले. मी ठरवलं की तवा तोच. घासला की झालं. माशाचं तेल माझ्या भाजीत नको, पण कढई वेगळी मागणार नाही. जेवायला सगळ्यांबरोबर बसणार, समोर मासे असले तरी. बाजारातून मासे आणायची पाळी माझी असेल तर आणणार. शेवटच्या कलमावरून मित्रांनी मला फाडून खाल्लंय (फक्त शब्दशः नाही). त्यांचं म्हणणं, जे अन्यायाचं आहे ते पैसे देऊन विकत आणणं हा ढोंगीपणा. असेल. पण वेगळ्या तव्याचा इतिहास आपल्याकडे प्राण्यांच्या दयेचा नाही, तो माणसांच्या विटाळाचा आहे. मी वेगळा तवा मागितला की माझ्या मनात म्हैस असेल, आईच्या कानावर मात्र 'तुमचं भांडं मला चालत नाही' हेच पडणार. हे वाक्य तिच्या आईनं आणि तिच्या आजीनं लोकांच्या ओसरीवर ऐकलेलं आहे. ते मी तिच्याच ओट्यापाशी उभं राहून म्हणायचं नाही, एवढं मला कळतं.

आणि शुद्धतेचा आव आणायला मी काही शंभर टक्के पाळणारा नाही. गणपतीत आजीनं स्वतःच्या हातानं वळलेल्या मोदकावर तूप सोडलं आणि मी काही न बोलता खाल्ला. दोन खाल्ले. तेव्हा गांधीजींची शेळी आठवली. त्यांनी दूध सोडायची प्रतिज्ञा केली होती. १९१८-१९ च्या मोठ्या आजारपणात डॉक्टर दूध घ्या म्हणून मागे लागले, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की प्रतिज्ञा करताना मनात गाय-म्हैस होती, शेळीचं घ्यायला काय हरकत? त्यांनी घेतलं, आणि आत्मकथेत कबूलही केलं की आपण प्रतिज्ञेचे शब्द पाळले पण गाभा मोडला. मला या गोष्टीत गांधीजींपेक्षा कस्तुरबा जास्त दिसतात. समोरचा माणूस खंगतोय आणि त्याच्या तत्त्वात एक फट शोधायची आहे. आमच्या आईनं माझ्यासाठी अशा किती फटी शोधल्या! "सुकी कोळंबी चलात? ती तर सुकलेली आसा."

एक कबुली अजून. मी हे फक्त कार्बनसाठी करत असतो तर घरातल्या वादात हरलो असतो. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात पूर आणि नेमेचेक यांचा मोठा अभ्यास आला, ११९ देशांतल्या जवळपास ३८,७०० शेतांची माहिती घेऊन केलेला. त्यात सोया, ओट वगैरेंच्या दुधापेक्षा गाईच्या दुधाचा बोजा स्पष्टपणे जास्त निघतो. छान. पण बांगडा-तारली असे थव्यानं फिरणारे छोटे मासे कार्बनच्या हिशेबात बरेच हलके पडतात. किलोभर पनीरला पाच लिटरच्या वर दूध लागतं, ते धरलं तर आईचा बांगडा माझ्या 'शुद्ध शाकाहारी' टीम लीडच्या पनीर टिक्क्यापेक्षा पृथ्वीला स्वस्त पडतो. ही गोष्ट मी टीम लीडला सांगितली नाही. अप्रेझल जवळ होतं.

हे सगळं घरातल्या घरात गमतीत चाललं होतं. मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि गंमत संपली.

तीन वर्षांसाठी भाड्याचं घर बघायचं होतं. आजीला जिने चढवत नाहीत म्हणून लिफ्ट हवी, बाबांना स्टेशन जवळ हवं. एक घर मिळालं. तिसरा मजला, लिफ्ट, खिडकीबाहेर गुलमोहर, भाडं बजेटमध्ये. आई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची उंची हातानं मोजून आली, म्हणजे तिनं मनानं ते घर घेतलं होतं. एजंटनं फॉर्म काढला आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "फॅमिली व्हेज ना?"

बाबा काही बोलायच्या आत माझा भाऊ माझ्याकडे बोट दाखवून हसत म्हणाला, "हा आहे. दूधपण पीत नाही."

एजंटचा चेहरा उजळला. "अरे वा! मग ॲग्रीमेंट यांच्याच नावावर करू. सोसायटीला सांगू, मुलगा प्युअर व्हेज आहे, एकदम सात्त्विक. काका-काकूंनी फक्त जरा सांभाळून घ्यायचं. वास तेवढा नको."

मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते 'सात्त्विक'. सहा महिने मी ज्या तबेल्याबद्दल बोलत होतो, त्यातलं त्या माणसाला काही देणंघेणं नव्हतं. मी पिशवीभर दूध पीत असतो तरी मी सात्त्विकच होतो. माझं ताट त्यानं क्षणात उचललं आणि आई-बाबांच्या विरुद्ध बाजूला नेऊन मांडलं. आणि खरं सांगायचं तर दोन-चार सेकंद मला ते सोयीचंही वाटलं. लिफ्ट होती. गुलमोहर होता. माझ्या नावावर करार झाला असता आणि आईनं एक्झॉस्ट फॅन लावून, खिडक्या बंद करून, चोरासारखी सुरमई तळली असती. तीन वर्षं. या देशात १५ वर्षांवरचे १० पैकी ७ लोक मांसाहारी आहेत, हे २०१४ च्या सरकारी नमुना पाहणीतच निघालंय, तरी घर मागताना मान खाली घालायची ती त्या सातांनी.

आई ओट्यावरचा हात काढून दाराशी येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती.

मी म्हटलं, "नाही हो, हा चेष्टा करतोय. आम्ही सगळेच मासे खातो. मीपण."

गेल्या अकरा महिन्यांत मी मासे खातो असं म्हटलं ते तेवढंच एकदा.

घर अर्थातच गेलं. जिना उतरताना बाबा भावाला काहीतरी पुटपुटले, मला काही म्हणाले नाहीत. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "ओटो तसो पण उंच होतो."

माझे व्हीगन मित्र म्हणतात की हा जातीचा, सोसायट्यांचा प्रश्न वेगळा आणि आपला प्रश्न वेगळा. दोन्ही मिसळू नकोस. मला ते पटत नाही. आपल्याकडे हे आधीच मिसळलेलं आहे, मी मिसळायची गरज नाही. कोकणातच काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात, आणि त्याच गौरीला दुसऱ्या घरात पुरणपोळी. दोन्ही घरं एका वाडीत नांदतात. अडचण होते ती एक ताट वरचं ठरलं की. प्राण्यांसाठी काही सोडायचं असेल तर ते त्या वरच्या ताटात बसून सोडता येणार नाही. तिथे बसलेल्याचं कुणी ऐकत नाही, आणि का ऐकावं? निदान माझ्या आईनं तरी ऐकलं नसतं. आता ती थोडं ऐकते. तबेल्यातल्या त्या पेंढ्याच्या रेडकाबद्दल तिनं मला मागच्या महिन्यात पहिल्यांदा आपणहून विचारलं. "चाटी होती काय खरीच?" म्हटलं, हो. ती बराच वेळ नारळ खवत राहिली. दुधाची पिशवी दुसऱ्या दिवशीही आली. येऊ दे.

शेवटी घर मिळालं ते दुसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं. मालकानं डिपॉझिट सोडून काही विचारलं नाही. आजीला खुर्चीत बसवून आम्ही दोघा भावांनी वर नेलं. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवतात, तर आईनं पातेलं हातात घेऊन मला विचारलं, "तुझ्या नारळाचा चालात काय?" मी हो म्हणणार होतो, पण आजी म्हणाली की नारळाचं दूध उतू जायच्या आधी फाटतं, आणि नव्या घरात काही फाटायला नको. मग अर्धा लिटरची पिशवी आणली. गॅस मी पेटवला. दूध उतू गेलं, शेगडीखाली ओघळलं, करपल्याचा वास सुटला. ओटा मीच पुसला. आईनं त्यावर तवा ठेवला आणि सगळ्या खिडक्या उघडून सुरमई टाकली. माझे घावणे त्याच तव्यावर, पण आधी. हा क्रम तिनं ठरवलाय, मी सांगितला नव्हता.